निरुपद्रवी गवत्याची बखर

नागाला आपल्याकडे पंचमी आहे. शेषाच्या माथ्यावर पृथ्वी आहे. समुद्रमंथनात दोर होण्याचा मान वासुकीला मिळाला, तक्षकाने परीक्षिताला दंश करून महाभारतात कायमची जागा मिळविली, आणि कालियाच्या फण्यावर तर प्रत्यक्ष श्रीकृष्ण नाचला. सर्पकुळातल्या या थोरामोठ्यांच्या गर्दीत गवत्याच्या नावे मात्र ना सण आहे, ना कथा, ना देऊळ. गवतात राहतो म्हणून गवत्या, एवढीच काय ती त्याची वंशावळ! दीड-दोन फूट लांबीचा, कोवळ्या गवताच्या रंगाचा हा साप माणसाला सहसा चावत नाही. गाईच्या कासेला लागून दूध पितो असा आळही त्याच्यावर कोणी घेतलेला नाही. अशा प्राण्याची बखर लिहावयाची ती कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील.

प्रश्न रास्त आहे. पण मी वांद्र्यात राहणारा माणूस. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत या गावाचे काय झाले हे जुन्या नोंदींवरून लावू गेलो, तेव्हा किल्ले, चर्च, पूल आणि आगगाडी यांच्या तारखा भराभर हाती आल्या. या साऱ्यांच्या खाली जे गवत होते त्याचा हिशेब मात्र कोणी एके ठिकाणी मांडलेला दिसला नाही. तो मांडावयाचा तर गवतात राहणाऱ्याच्या बाजूने मांडावा, असे वाटले. म्हणून हा उद्योग.

प्रथम स्वारीची ओळख करून घेऊ. गवत्याची पाठ हिरवीगार असते आणि पोट पांढरट किंवा फिकट पिवळे. फार तर तो तीन फुटांपर्यंत वाढतो. हिरव्या रंगाचे आणखी दोन साप आपल्याकडे प्रसिद्ध आहेत. एक हरणटोळ. चाबकाच्या दोरीसारखा बारीक, टोकदार तोंडाचा आणि झाडाझुडपांवर राहणारा. तो फांदीवरून झेप घेऊन माणसाच्या टाळूवर दंश करतो, अशी समजूत कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दुसरा चापडा. सह्याद्रीच्या जंगलात बांबूच्या बेटांत आणि झुडपांत राहणारा, त्रिकोणी डोक्याचा आणि खरोखरीच विषारी. गवत्या या दोघांहून वेगळा. तो जमिनीवरचा साप. त्याच्या पाठीवरच्या खवल्यांच्या मध्यावर नावेच्या तळाच्या कण्यासारखा बारीक उंचवटा असतो, त्यामुळे त्याचे अंग गुळगुळीत न दिसता खरखरीत दिसते. पाऊस पडू लागला, बेडूक ओरडू लागले, की त्याचेही दिवस येतात. त्याचे आवडते अन्न म्हणजे भेक, म्हणजे अंगावर फोड आल्यासारखा दिसणारा तो खरखरीत पाठीचा बेडूक. ज्या भेकाला कुत्रा तोंडात धरताच फेस गाळीत टाकून देतो, त्याला गवत्या सुखाने गिळतो.

आता त्याच्या दुर्दैवाची गोष्ट. कोणी डिवचले, तर गवत्या शरीराचा पुढचा भाग उचलतो आणि मान पसरट करतो. पाहणाऱ्याला तो फणाच वाटतो. त्यातून पिल्लू असेल तर विचारूच नका. पिल्लाच्या मानेवर बाणाच्या टोकासारखी काळी खूण असते आणि तिच्यामागे पिवळा-नारिंगी पट्टा. असे पिल्लू मान पसरून उभे राहिले, की अंगणातली मंडळी ‘नाग, नाग’ म्हणून ओरडतात आणि कोणीतरी काठी आणावयास धावतो. रंगाने चापड्यासारखा आणि पवित्र्याने नागासारखा! आत्मरक्षणासाठी घेतलेले सोंगच त्याच्या मरणाला कारण होते. भित्र्या माणसाने मिशीला पीळ द्यावा आणि खऱ्या पहिलवानाने ते आव्हान समजावे, तशातला हा प्रकार.

तेव्हा गवत्याचे जगणे एका गोष्टीवर अवलंबून आहे. समोरच्या माणसाला साप ओळखता येतो की नाही? त्यामुळे त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी आपल्या ओळखीचा इतिहास आहे.

या ओळखीची पुस्तकी सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात झाली. पॅट्रिक रसेल नावाचा स्कॉटिश वैद्य कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ म्हणून मद्रास इलाख्यात काम करीत होता. विषारी साप कोणते आणि बिनविषारी कोणते, हे सामान्य माणसाला खात्रीने सांगता यावे, ही त्याची धडपड. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरील सापांचे त्याचे मोठे सचित्र पुस्तक १७९६ साली निघाले. आपल्या घोणशीला इंग्रजीत आजही रसेलचेच नाव आहे. माणसांचा जीव घेणाऱ्या सापाला ज्याचे नाव लागले, त्याने आयुष्य वेचले ते माणसे वाचविण्यासाठी आणि जमल्यास निरपराध सापही वाचविण्यासाठी!

गवत्याचे शास्त्रीय बारसे त्यानंतर चाळीसेक वर्षांनी झाले. थिओडोर कँटर हा डेन्मार्कचा वैद्य कंपनीच्या नोकरीत होता. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कामकाजात १८३९ साली त्याने हिंदुस्थानातल्या कित्येक सापांची वर्णने छापली, त्यांत हा एक. त्याने नाव दिले ते ‘प्लंबिकलर’, म्हणजे शिशाच्या रंगाचा! पावसाळ्यात बांधावर गवत्या पाहिलेल्या शेतकऱ्याला हे नाव ऐकून हसू येईल. पण संग्रहालयात मद्यार्काच्या बरणीत ठेवलेल्या हिरव्या सापांची दशा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते नवल वाटणार नाही. सापाच्या अंगावरचा हिरवा रंग बहुधा दोन रंगांच्या मिलाफाने बनतो. त्यातला पिवळा अंश मद्यार्कात विरघळून जातो आणि मागे उरते ती निळसर करडी छटा. शास्त्राच्या बरणीत गेलेला गवत्या शिशासारखाच दिसतो. पुढे त्याची प्रजाती एकदा नव्हे, दोनदा बदलली. बरीच वर्षे तो ‘मॅक्रोपिस्थोडॉन’ कुळात होता, आता अलीकडे ‘ऱ्हॅब्डोफिस’ कुळात गेला आहे. ‘प्लंबिकलर’ मात्र त्याला चिकटून राहिले ते राहिलेच. आमच्या शेतकऱ्याने ठेवलेले नाव त्याच्या घरावरून आहे, विद्वानांनी ठेवलेले त्याच्या प्रेतावरून.

विद्वान मंडळी अशी खवले मोजीत असताना सरकारची दृष्टी निराळी होती. सर्पदंशाने दरवर्षी हजारो माणसे मरत, ही गोष्ट काही खोटी नव्हती. सर जोसेफ फेअरर यांनी हिंदुस्थानातल्या विषारी सापांवरचा आपला थोर ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा या मृत्यूंचे आकडेही सरकारपुढे मांडले. उपाय म्हणून विषारी साप मारून आणणाऱ्यास बक्षिसे देण्याची पद्धत देशभर बोकाळली. आपल्या कोकणात तर ती त्याआधीच येऊन गेली होती. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट फार. तेथे १८६२ च्या डिसेंबरात खास बक्षीस लावले गेले, आणि आठवडाभराच्या अवधीत एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली, अशी नोंद आहे.

एका आठवड्यात एक लाख! हा आकडा वाचून माझे मन थोडे अडखळते. पैसा मिळतो म्हटल्यावर कातळ उलथणारे, गडगे उसकणारे हात किती असतील, आणि त्या हातांना फुरसे आणि दुसरा एखादा बारका साप यांतला फरक पाहावयास सवड किती असेल? कचेरीच्या दारात मेलेल्या सापांचे ढीग मोजणाऱ्या शिपायाकडून तरी खवले तपासण्याची अपेक्षा कशी करावी? बक्षिसाच्या जाहिरातीत ‘विषारी’ हा शब्द असे. पण काठी उगारताना तो शब्द कोणाच्या ध्यानात राहत असेल? माणसे मरत होती म्हणून सरकारला दोष देता येत नाही. एवढे मात्र खरे, की आधी ओळख आणि मग काठी हा क्रम त्या काळाने उलटा करून टाकला.

हा क्रम पुन्हा सुलटा करण्याचे काम मुंबईत सुरू झाले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकी दोघे आपले होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे अध्यापक आणि पुढे डॉक्टर म्हणून कीर्ती मिळविणाऱ्या रखमाबाईंचे सावत्र वडील. सोसायटीच्या मंडळींत दारूचे व्यापारी फिप्सन होते आणि साताऱ्यात जन्मलेले, मीठ खात्यात व कस्टम्समध्ये नोकरी करणारे, ‘ईहा’ या टोपणनावाने लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होते. समाजसुधारक, वैद्य, दारूचा व्यापारी आणि मिठावरचा साहेब यांनी एकत्र बसून किडे, पाखरे आणि साप यांच्या गोष्टी कराव्यात, हे दृश्य त्या काळच्या मुंबईतच शोभणारे!

सोसायटीचे नियतकालिक १८८६ साली निघू लागले. लष्करी वैद्यकीय खात्यातले फ्रँक वॉल यांनी १९०५ पासून त्यात हिंदुस्थानातल्या नेहमीच्या सापांवर रंगीत चित्रांसह सुबोध लेखमाला चालविली, ती चौदा वर्षे चालू होती. साप हातात धरून, खवल्यांची रांग मोजून, पोटात काय सापडले ते लिहून ठेवणारा हा माणूस. पुढे परळच्या हाफकिन संस्थेत काम केलेल्या डॉ. पी. जे. देवरसांनी हेच काम साध्या वाचकापर्यंत आणले. त्यांचे भारतीय सापांवरचे इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली प्रसिद्ध केले. ओळख वाढत गेली. थोड्या साहेबांच्या दिवाणखान्यातून ती पुस्तकांच्या दुकानात आली आणि तेथून शाळेपर्यंत पोहोचली.

येथवर आपण गवत्याच्या ओळखीचा धागा पाहिला. आता दुसरा धागा हाती घेऊ, त्याच्या घराचा. त्यासाठी मुंबई बेटातून खाडी ओलांडून वांद्र्यास यावयास हवे.

वांद्रे हे मूळचे मुंबईचे नव्हेच. ते साष्टी बेटाचे दक्षिण टोक. वसईच्या तहाने १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. सेंट अँड्र्यूचे चर्च त्यांनी १५७५ साली बांधले. समुद्रात घुसलेल्या टेकडीच्या टोकाशी १६४० साली किल्ला बांधला. तेथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि गलबते तेथे पाणी भरत, म्हणून किल्ल्याला नाव पडले आग्वादा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या मोहिमेत साष्टीही मराठ्यांकडे आली. त्या धामधुमीत किल्ला मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांच्या आग्रहाने त्याची मोडतोड करण्यात आली. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली.

एवढी राज्ये बदलली, तरी जमिनीचा बाज फारसा बदलला नव्हता. पाली, चुईम, रानवर, शेर्ली, राजन, कांतवाडी अशी लहान लहान गावठाणे. त्यांच्या मधून भातखाचरे. चिंबईला कोळ्यांची वस्ती. पूर्वेला मिठी नदीच्या मुखाशी खाजण आणि दलदल. आणि या सगळ्यांना शिवणारे बांध, माळ, कुरणे. गवत, पाणी आणि भेक, गवत्याला लागणाऱ्या या तिन्ही गोष्टी येथे मुबलक. साष्टीचा तो जुना रहिवासीच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि येऊरच्या बाजूला तो आजही पावसाळ्यात भेटतो.

मुंबईच्या गवताची एक हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. कंपनी सरकारने १८३८ च्या सुमारास किल्ल्याजवळच्या मैदानावर गुरे चारण्यास पट्टी बसविली. गरिबांना ती परवडेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी ठाकूरद्वाराजवळ वीस हजार रुपयांना गवताळ जमीन घेऊन गुरांना मोकळी करून दिली आणि त्या चरणीवरूनच चर्नी रोड हे नाव पडले, असे सांगतात. याच जमशेटजींच्या पत्नी लेडी आवाबाई. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीत तरी बुडून माणसे मरत, म्हणून त्यांनी दीड लाखावर रुपये दिले आणि माहीमचा कॉजवे बांधविला. १८४५ साली तो खुला झाला, आणि त्यावर पट्टी घ्यावयाची नाही अशी अट त्यांनी घातली होती. पतीने गुरांना गवत दिले आणि पत्नीने वांद्र्याला रस्ता दिला. दोन्ही दाने सारखीच निर्मळ. परंतु रस्ता एकदा झाला की त्यावरून काय काय चालत येईल, हे देणाऱ्याच्या हाती थोडेच असते?

रस्त्यामागून १८६० च्या दशकात आगगाडी आली. १८७६ साली वांद्र्याला नगरपालिका मिळाली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा शहर सोडून उपनगराची मोकळी हवा शोधणाऱ्यांची रीघ लागली. रोगाच्या निवारणासाठी उभारलेले क्रूस वांद्र्याच्या गल्ल्यांतून अजून दिसतात. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली भातखाचरांवर सरळ रेषा आखल्या गेल्या आणि बांधांच्या जागी रस्ते आले. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. १९५० साली वांद्रे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पूर्वेला सरकारी वसाहत वसली. साठीनंतर खाजणाच्या कडेला कलानगर आणि साहित्य सहवास यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि आपल्या कित्येक आवडत्या लेखकांनी तेथे आपली बिऱ्हाडे थाटली. मराठी वाङ्‌मयाचा काही भाग बेडकांच्या ओरडण्याच्या साथीने लिहिला गेला असेल, असे मनात आणावयास मला आवडते. पश्चिमेला पाली हिलवर डॉ. सलीम अली राहत. साऱ्या देशाला पाखरे पाहावयास शिकविणारा माणूस आमच्या गावचा!

पुढे १९७७ साली मिठीकाठच्या दलदलीच्या जमिनीचा विकास करण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले आणि सुमारे ३७० हेक्टरांवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. आज तेथे काचेच्या इमारती आहेत, बँका आहेत, हिऱ्यांचा बाजार आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा मिठीचे पाणी आपली जुनी जागा शोधीत घराघरांत शिरले. खाजण आणि गवत हे पाण्याला थोपवून धरणारे स्पंज असतात. ते गेले की पाण्यालाही कोठे जावे ते कळत नाही.

आता हे दोन धागे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. वॉल साहेबांनी सापांची रंगीत चित्रे छापावयास घेतली त्याच सुमारास वांद्र्याच्या खाचरांवर बंगले चढू लागले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि पुढे पाच वर्षांतच खाजणाच्या भरावाचा कारभार सुरू झाला. नीलिमकुमार खैरे हा पुण्याचा तरुण १९८० साली ७२ विषारी सापांच्या सहवासात काचेच्या खोलीत ७२ तास बसला. साप उगाच चावत नाही हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले, आणि पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान निघाले. गावोगाव सर्पमित्र तयार झाले. आज मुंबईच्या उपनगरात साप निघाला तर काठी शोधण्याआधी सर्पमित्राला फोन करणारी माणसे आहेत. ही सुधारणा लहान नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ज्याच्या जातभाईंना मोजून पैसे मिळत, त्याच सापाला आता पिशवीत घालून जपून रानात सोडून येतात.

पण वांद्र्याच्या गवत्याच्या बाबतीत मात्र चुकामूक झाली. आम्ही त्याला ओळखावयास शिकलो तोवर त्याचे गवत संपले होते. काठीने फार तर एखादा गवत्या मरतो. बांध मोडला की त्याची पुढली पिढीच राहत नाही. काठी उगारणारा निदान दिसतो तरी, आणि त्याचा हात धरता येतो. गवत गेले ते मात्र कोणाच्या हातून गेले असे बोट दाखविता येत नाही. कोणी पूल बांधला तो माणसे बुडू नयेत म्हणून, कोणी घर बांधले ते मुलांना हवेशीर जागा मिळावी म्हणून. ते घर बांधणाऱ्यांत आपणही आहोत. मी ज्या खोलीत बसून हे लिहितो आहे, तीदेखील कधीकाळी कोणाचा तरी बांध असणार.

कोणी म्हणेल, वांद्र्यात हिरवळ काय थोडी आहे? बागा आहेत, सोसायट्यांच्या आवारात लॉन आहेत. आहेत खरे. पण लॉन आणि गवत यांत सजविलेल्या देवघराइतका आणि चालत्या स्वयंपाकघराइतका फरक आहे. आठवड्याला कापली जाणारी, औषधे फवारलेली हिरवळ डोळ्यांना थंडावा देते. तिच्यात किडा नाही, म्हणून भेक नाही, म्हणून गवत्याही नाही. त्याला हवे ते अस्ताव्यस्त, ओले, कोणी लक्ष न दिलेले गवत. शहरात नेमकी तीच वस्तू सर्वांत महाग झाली आहे. पण गेलेले गवत परत येतच नाही, असेही नाही. मिठीच्या पलीकडच्या काठावर, धारावीच्या अंगाला, जेथे शहराचा कचरा टाकीत तेथे आता सुमारे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर जर रान उगवते, तर बागेचा एखादा कोपरा न कापता सोडून देणे आपल्याला अवघड का जावे?

‘निरुपद्रवी’ या शब्दाविषयी एक खुलासा करून ठेवणे मला जरूर वाटते, कारण दिवाळी अंक घरातली मुलेही वाचतात. गवत्याची गणना बिनविषारी सापांत होत आली आहे आणि स्वभावाने तो गरीब आहे. पण त्याच्याच कुळातला जपानमधला एक साप, तिकडे त्याला यामाकागाशी म्हणतात, बरीच वर्षे असाच निरुपद्रवी समजला जात होता. त्याच्या मागच्या दातांच्या दंशाने १९८४ साली तेथे एक शाळकरी मुलगा दगावला. तो जपानी साप खाल्लेल्या भेकांचे विष आपल्या मानेतल्या ग्रंथींत साठवून ठेवतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले आहे, आणि तशा ग्रंथी गवत्याच्याही कातडीखाली आहेत. तात्पर्य, ओळख झाली म्हणून सलगी करू नये. साप कोणताही असो, त्याला हात लावू नये. आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता, जखम न कापता, सरळ इस्पितळ गाठावे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज आहे. तेव्हा लोकांची भीती काही वेडगळ नव्हे. तिला डोळे असावेत, इतकेच म्हणणे. भीतीने मागे सरकावे, नीट पाहावे, आणि ज्याला त्यातले कळते त्याला बोलवावे.

नागपंचमीला आपण भिंतीवर नाग काढतो, त्या दिवशी नांगर धरीत नाही, विळी चालवीत नाही. हा नियम ज्याने घातला त्याला, मला वाटते, नागाबरोबर गवत्याही अभिप्रेत असावा. वर्षातून एक दिवस तरी जमिनीला पोलाद लावू नये, तिच्यात राहणाऱ्यांना निर्धास्त असू द्यावे. खणण्याची आणि कापण्याची घाई थोडी थांबवावी, असे आपल्या आजीपणजींनी सणाच्या रूपाने सांगून ठेवले आहे.

सध्या घरोघर मुलांचे किल्ले चालले असतील. मातीचे बुरूज उभे राहतील, पोत्याच्या डोंगरावर अळीव उगवेल, मावळे आपापल्या जागी पहाऱ्यास बसतील, गुहेत वाघ बसेल. वांद्र्याच्या मुलांना मी एवढेच सुचवीन, की त्या अळिवाच्या रानात हिरव्या मातीचा एक लहानसा साप करून ठेवा. तो कोण, असे पाहुणे विचारतीलच. त्यांना त्याचे नाव सांगा, आणि अळीव लवकर उपटू नका.